गणवेशातला लोकप्रतिनिधी : एडवर्ड बेकर आणि बॉल्स ब्लफची लढाई

अब्राहम लिंकनला चार मुलगे झाले. त्यांतल्या दुसऱ्याचे नाव एडवर्ड बेकर लिंकन. तो १८४६च्या मार्चमध्ये जन्मला आणि चार वर्षांचा होण्याआधीच, १८५०च्या फेब्रुवारीत वारला. लिंकनचे नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण ज्या मित्राचे नाव त्याने आपल्या मुलाला दिले, तो एडवर्ड डिकिन्सन बेकर मराठी वाचकाला सहसा कुठे भेटत नाही.

बेकर इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात सात वर्षे होता. पुढे तो दोन वेळा अमेरिकी प्रतिनिधिगृहात गेला आणि शेवटी सिनेटर झाला. याच काळात त्याने तीन युद्धांत भाग घेतला. तिसऱ्या युद्धात, २१ ऑक्टोबर १८६१ रोजी, पोटोमॅक नदीकाठच्या एका कड्यावर तो ठार झाला. पदावर असताना रणांगणात मारला गेलेला अमेरिकेच्या इतिहासातला तो एकमेव सिनेटर.

एवढ्यावर थांबले तर ही एक शौर्यकथा होते, आणि अमेरिकेत ती बराच काळ तशीच सांगितली गेली. पण त्या लढाईनंतर काय झाले ते वाचत गेले की कथेचा रंग बदलतो. लढाईत झालेल्या चुकांचा मोठा वाटा बेकरचा होता. त्याची शिक्षा मात्र त्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला भोगावी लागली, आणि ती द्यायला पुढे सरसावले ते बेकरचे विधिमंडळातले सहकारी. लोकप्रतिनिधीने शस्त्र हाती घ्यावे की नाही, या प्रश्नावर एरवी धैर्य आणि देशभक्ती यांच्या अंगाने बोलले जाते. बेकरचे चरित्र दुसराच प्रश्न समोर ठेवते. एकच माणूस कायदा करणारा आणि हुकूम पाळणारा असेल, तर त्याला जाब कोणी विचारायचा?

मतांवर उभी असलेली फौज

बेकरचा जन्म लंडनचा, १८११ सालचा. तो लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत आले. आधी फिलाडेल्फिया, मग इंडियाना आणि शेवटी इलिनॉय, असे ते पश्चिमेकडे सरकत गेले. त्याच्याविषयी एक आख्यायिका आहे. अमेरिकेत न जन्मलेल्या माणसाला राष्ट्राध्यक्ष होता येत नाही, हे संविधानात वाचून तो पोरवयात रडला म्हणे. खरेखोटे काहीही असो, महत्त्वाकांक्षा त्याच्या अंगात किती होती हे लोकांना पुरते माहीत होते, म्हणूनच ही गोष्ट टिकली. विशी गाठण्याआधीच तो वकील झाला.

१८३२मध्ये इलिनॉयच्या सरहद्दीवर ब्लॅक हॉक या सॉक जमातीच्या नेत्याविरुद्ध छोटे युद्ध झाले. त्यात बेकर साधा शिपाई म्हणून गेला. लिंकनही गेला होता. तो कॅप्टन होता, आणि त्याला कॅप्टन केले होते त्याच्याच कंपनीतल्या शिपायांनी, मते देऊन. या निवडीने मला जेवढा आनंद दिला तेवढा नंतरच्या कोणत्याही यशाने दिला नाही, अशा अर्थाचे लिंकनने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

हा तपशील आपल्याला चमत्कारिक वाटतो. आपल्या डोळ्यांपुढे लष्कर येते ते छावण्यांत राहणारे आणि राजकारणापासून दूर ठेवलेले. त्या काळच्या अमेरिकेत कायम खडे सैन्य फारच लहान होते. युद्ध आले की राज्याराज्यांतून स्वयंसेवकांच्या रेजिमेंटी उभ्या राहत. त्या उभ्या करायच्या तर गावोगाव सभा घ्याव्या लागत, भाषणे करावी लागत, माणसे जमवावी लागत. हे काम ज्याला निवडणुकीत जमे त्यालाच युद्धातही जमे. त्यामुळे आमदार कर्नल होणे किंवा कर्नल आमदार होणे यात कोणालाच वावगे वाटत नसे. सभा एकच, श्रोतेही तेच. निवडणुकीत तो त्यांच्याकडे मत मागे, युद्धात भरती मागे.

१८३७च्या जुलैमध्ये बेकर पोटनिवडणुकीतून इलिनॉयच्या कनिष्ठ सभागृहात निवडून आला. राज्याची राजधानी व्हँडेलियाहून स्प्रिंगफिल्डला हलवायचे त्याच वर्षी ठरले होते. स्प्रिंगफिल्डला नव्या विधानभवनाचा पाया घातला गेला, तेव्हा मुख्य भाषणाचा मान बेकरला मिळाला. १८४०मध्ये तो राज्याच्या सिनेटवर गेला आणि १८४४पर्यंत तिथे राहिला. लिंकन या काळातला त्याचा सहकारी. दोघेही व्हिग पक्षाचे, दोघेही वकील, दोघेही त्याच गावचे. स्प्रिंगफिल्डमध्ये लिंकनची कचेरी न्यायालयाच्या खोलीच्या वर होती आणि मध्ये झडपेचे दार होते. खाली एका सभेत बेकरच्या भाषणावर जमाव चवताळून उठला. तेव्हा लिंकनने वरून झडपेतून खाली उतरून त्याच्या बोलण्याच्या हक्काची बाजू घेतली, असे सांगितले जाते. बेकरची जीभ कुठे थांबायचे ते जाणत नसे, हेही या गोष्टीतून कळते.

तीन मित्र, एक जागा

इलिनॉयमधला एकच मतदारसंघ व्हिग पक्षाला हमखास मिळण्याजोगा होता आणि उमेदवार होते तीन : जॉन हार्डिन, बेकर आणि लिंकन. १८४३मध्ये उमेदवारी हार्डिनला मिळाली. लिंकनच्या स्वतःच्या परगण्याने त्याला डावलून बेकरला पसंती दिली होती. वर बेकरसाठी खटपट करायला प्रतिनिधी म्हणून लिंकनलाच पाठवले. आपली अवस्था आपल्याच प्रेयसीशी लग्न लागणाऱ्या नवरदेवाच्या करवल्यासारखी झाली आहे, अशा आशयाची थट्टा लिंकनने तेव्हा पत्रात केली. पुढे पाळ्या लागल्या. हार्डिन १८४३ ते ४५, बेकर १८४५ ते ४७ आणि लिंकन १८४७ ते ४९. एवढी चुरस होऊनही मैत्री तुटली नाही. बेकर प्रतिनिधिगृहात असतानाच लिंकनने मुलाला त्याचे नाव दिले.

१८४६मध्ये मेक्सिकोशी युद्ध सुरू झाले आणि या तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. हार्डिन इलिनॉयच्या पहिल्या रेजिमेंटचा कर्नल झाला आणि २३ फेब्रुवारी १८४७ला ब्युएना व्हिस्टाच्या लढाईत पडला. बेकरने इलिनॉयची चौथी रेजिमेंट उभी केली. लिंकन प्रतिनिधिगृहात गेला आणि हे युद्ध सुरू कसे झाले याचा जाब त्याने राष्ट्राध्यक्षांना विचारला. तेव्हाही विधिमंडळाच्या सदस्याला दोन वाटा होत्या. स्वतः लढायला जावे, किंवा सभागृहात राहून युद्धाचा हिशेब मागावा. दोन्ही एकाच वेळी कितपत जमते, याची परीक्षा बेकरने दिली.

१८४६च्या डिसेंबरात बेकर आघाडीवरून वॉशिंग्टनला आला. अजून तो प्रतिनिधिगृहाचा सदस्य होता. गणवेशातच तो सभागृहात उभा राहिला आणि स्वयंसेवकांचे हाल त्याने मांडले. छावण्यांत शत्रूच्या गोळीपेक्षा रोगराईनेच जास्त माणसे मरत होती. ते त्याने स्वतः पाहिले होते, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आले. लढून आलेल्या प्रतिनिधीचा सभागृहाला काय उपयोग होऊ शकतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. त्यानंतर त्याने जागेचा राजीनामा दिला आणि तो परत गेला. एप्रिल १८४७मध्ये सेरो गोर्दोच्या लढाईत त्याचा वरिष्ठ जनरल शील्ड्स छातीत गोळी लागून पडला. तेव्हा बेकरने ब्रिगेडची सूत्रे हाती घेतली आणि हल्ला पुढे नेला. त्याच्या शौर्याविषयी शंका घ्यायला जागा नाही. पण आपण जन्मजात सेनापती आहोत, हा समजही बहुधा याच दिवशी त्याच्या मनात घर करून बसला असावा.

युद्धानंतर तो गॅलिना गावातून पुन्हा प्रतिनिधिगृहात गेला. मग काही काळ पनामाच्या रेल्वेच्या कामावर आणि १८५२पासून सॅन फ्रान्सिस्कोत वकिली. कॅलिफोर्नियाचा सिनेटर डेव्हिड ब्रॉडरिक १८५९मध्ये द्वंद्वयुद्धात मारला गेला, तेव्हा त्याच्या पार्थिवासमोर बेकरने केलेले भाषण पश्चिम किनाऱ्यावर गाजले. १८६०मध्ये तो ऑरेगनला गेला. त्या काळी सिनेटर थेट जनतेकडून नव्हे, राज्याच्या विधिमंडळाकडून निवडले जात. ऑक्टोबरात तिथल्या विधिमंडळाने त्याला सिनेटवर पाठवले. पुढच्याच महिन्यात लिंकन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला.

संविधानातले एक वाक्य

४ मार्च १८६१ रोजी लिंकनने शपथ घेतली. त्या वेळी जमलेल्या लोकांसमोर लिंकनची ओळख करून दिली बेकरने. त्याच दिवशी कॅपिटॉलच्या खिडक्यांत बंदूकधारी नेमून समारंभाचा बंदोबस्त सांभाळत होता चार्ल्स पॉमेरॉय स्टोन हा अधिकारी. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. लिंकनच्या एका बाजूला त्याचा जुना मित्र होता, दुसऱ्या बाजूला त्याच्या जिवाची राखण करणारा शिस्तीचा लष्करी माणूस. आठ महिन्यांत या दोघांची नावे एकाच लढाईशी जोडली जाणार होती.

एप्रिलमध्ये यादवी युद्ध पेटले. बेकरने एक रेजिमेंट उभारली. तिच्यातली बरीच माणसे फिलाडेल्फियाची, पण नाव मात्र ‘कॅलिफोर्निया रेजिमेंट’. पॅसिफिक किनाराही संघराज्याच्या बाजूने आहे, हे दाखवायचे होते. त्याला जनरलपद देऊ करण्यात आले. इथे संविधान आडवे आले. अमेरिकेच्या संविधानाच्या पहिल्या कलमातल्या सहाव्या विभागात असे आहे की संघराज्याच्या सरकारी पदावर असलेल्या माणसाला ते पद असेपर्यंत काँग्रेसच्या कोणत्याही सभागृहाचे सदस्य राहता येणार नाही. यामागचा हेतू सरळ होता. राष्ट्राध्यक्षाने पदे वाटून सदस्यांना मिंधे करू नये आणि हुकूम पाळणाऱ्याने हुकूम देणाऱ्यांवर देखरेख ठेवू नये.

बेकरने यातून वाट काढली. जनरलपद घेतले तर सिनेटची जागा जाईल. कर्नल राहिले तर ती टिकेल, असा त्याचा हिशेब होता. सप्टेंबरात त्याची मेजर जनरल म्हणून नेमणूक झाली, पण मरेपर्यंत त्याने ती स्वीकारली नाही. प्रत्यक्षात तो ब्रिगेड चालवत होता, हुद्दा कर्नलचा होता आणि सिनेटची खुर्चीही त्याचीच होती. त्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. हाताखालचा कर्नल सिनेटर आहे. आपली बढती ज्या सभागृहाने मंजूर करायची त्याचा तो सदस्य आहे आणि राष्ट्राध्यक्षांच्या घरी त्याची ऊठबस आहे. अशा कर्नलला कोणता जनरल खडसावून विचारील?

१ ऑगस्ट १८६१ रोजी बंडाच्या बंदोबस्तासाठीच्या विधेयकावर सिनेटमध्ये चर्चा चालू होती. केंटकीचा सिनेटर जॉन ब्रेकिन्रिज विधेयकाच्या विरोधात बोलत होता. बेकर छावणीतून गणवेशात आला आणि उत्तर द्यायला उभा राहिला. हानिबालने कॅनीला रोमनांचा धुव्वा उडवल्यानंतर रोमच्या सिनेटमध्ये कोणी अशी शरणागतीची भाषा केली असती तर त्याचे काय झाले असते, असा सवाल त्याने केला. टार्पियन कड्यावरून त्याचा कडेलोट झाला असता, हे उत्तरही तिथेच आले. हे भाषण उत्तरेत फार गाजले. यातला एक योगायोग नोंदवावासा वाटतो. ब्रेकिन्रिजही मेक्सिकोच्या युद्धात मेजर होता आणि नंतर केंटकीच्या विधिमंडळात आमदार होता. थोड्याच दिवसांत तो दक्षिणेला मिळाला आणि तिथला जनरल झाला. आमदारकी आणि पलटण यांच्या एकाच मुशीतून घडलेली ही दोन माणसे त्या दिवशी समोरासमोर उभी होती.

भाषण प्रभावी होते यात वाद नाही. पण एक बारीक गोष्ट निसटू नये. त्या दिवशी सभागृहात मतभेद मांडणाऱ्या सदस्याला उत्तर देत होता तो नुसता दुसरा सदस्य नव्हता. तो गणवेशात होता आणि तोंडी भाषा कडेलोटाची होती. स्वयंसेवकांची दुःखे मांडणारा १८४६चा बेकर आणि हा बेकर यांच्यात फरक पडला होता.

चांदण्यातले तंबू

ऑक्टोबर १८६१मध्ये पोटोमॅकच्या उत्तर तीरावर, मेरीलँडमध्ये, जनरल स्टोनची डिव्हिजन होती. पलीकडे व्हर्जिनियात लीझबर्ग गाव आणि तिथे दक्षिणेच्या कर्नल नेथन एव्हान्सची ब्रिगेड. सेनापती मॅक्लेलनने स्टोनला कळवले की थोडी हालचाल दाखवून शत्रू लीझबर्ग सोडतो का ते पाहावे. २० ऑक्टोबरच्या रात्री टेहळणीला गेलेल्या एका तुकडीला चांदण्यात शत्रूचे तंबू दिसले. पहाटे कर्नल डेव्हन्स तीनशे माणसे घेऊन तिकडे गेला, तेव्हा तंबू कुठेच नव्हते. झाडांची रांग रात्रीच्या उजेडात तंबूंसारखी दिसली होती. तिथून माघारी फिरता आले असते. तसे न करता डेव्हन्स पुढच्या हुकमाची वाट पाहत थांबला.

२१ तारखेला सकाळी बेकर स्टोनला भेटला. स्टोनने त्याला त्या बाजूची सूत्रे दिली. परिस्थिती पाहून पलीकडे कुमक न्यायची की पलीकडच्यांना परत आणायचे, हे ठरवण्याची मोकळीक लेखी दिली. बेकरने पलीकडची जागा आधी डोळ्यांनी पाहिली नाही. नदी ओलांडण्याची सोय पुरेशी आहे का, हेही तपासले नाही. सगळ्यांना पार करायचा हुकूम मात्र दिला. होड्या मोजक्याच होत्या. नदीच्या मध्यावर हॅरिसन बेट आहे. एका पात्रातून बेटावर जायचे, बेट चालून ओलांडायचे आणि दुसऱ्या पात्रातून कड्याच्या पायथ्याशी पोहोचायचे. दुसऱ्या पात्रात होड्या आणखी कमी होत्या आणि एका खेपेत थोडीच माणसे मावत. शेजारच्या कालव्यातली एक नाव उचलून नदीत आणण्याच्या खटपटीत बेकरने मोलाचे काही तास घालवले. तोवर पलीकडे चकमकी चालू होत्या आणि तिथे एका हाती सूत्रे घेणारे कोणी नव्हते.

दुपारी दोनच्या सुमारास तो स्वतः कड्यावर पोहोचला. बॉल्स ब्लफ हा सुमारे शंभर फुटांचा उभा कडा. वर छोटे माळरान, भोवती झाडी, पाठीशी कडा आणि त्याखाली नदी. झाडीतल्या उंच भागातून शत्रूचा मारा चालू होता. बाजूच्या घळीतून शत्रू आत घुसू शकतो, याकडे त्याचा जुना वकिलीतला भागीदार आणि आता दुय्यम अधिकारी असलेल्या आयझॅक विस्टारने लक्ष वेधले. बेकर मात्र उमेदीत होता. भेटायला आलेल्या एका कर्नलचे स्वागत त्याने वॉल्टर स्कॉटच्या काव्यातली ओळ म्हणून केले.

चार-साडेचारनंतर बेकर रांगेच्या पुढे उभा असताना एकापाठोपाठ गोळ्या लागून जागीच कोसळला. त्याच्यामागून फौजेचा धीर सुटला. माणसे कड्यावरून खाली घसरली, काही तर खाली उभ्या असलेल्या आपल्याच लोकांच्या संगिनींवर पडली. गर्दीने होड्या उलटल्या. वरून गोळ्या चालू असताना शेकडो लोक ऑक्टोबरच्या गार पाण्यात उतरले. दोन्ही बाजूंना साधारण सतराशे माणसे लढली होती. उत्तरेची मृत, जखमी आणि कैदी मिळून सुमारे एक हजार माणसे गेली. त्यांतले निम्म्याहून अधिक कैद झाले. बुडालेल्यांची प्रेते पुढचे कित्येक दिवस वाहत वॉशिंग्टनपर्यंत येत राहिली. मॅसॅच्युसेट्सच्या विसाव्या रेजिमेंटमधला वीस वर्षांचा एक लेफ्टनंट छातीत गोळी लागूनही वाचला. तोच पुढे सर्वोच्च न्यायालयाचा विख्यात न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स झाला.

ही बातमी लिंकनला मॅक्लेलनच्या कचेरीतल्या तारघरात कळली. तो बाहेर पडला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि पाय अडखळत होते, असे पाहणाऱ्याने लिहिले आहे. लिंकनच्या दहा वर्षांच्या विलीने बेकरवर कविता केली आणि ती वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रात छापून आली. पुढच्या फेब्रुवारीत विलीही गेला.

जाब कोणाला विचारला

काँग्रेसचे अधिवेशन डिसेंबरमध्ये भरले. सिनेटमध्ये बेकरला श्रद्धांजली वाहण्यात आली आणि ती ऐकायला लिंकन स्वतः हजर होता. शोकाबरोबर संतापही होता. आपला माणूस कोणाच्या चुकीने मेला? याच भावनेतून युद्धाच्या कारभाराची चौकशी करणारी संयुक्त समिती जन्माला आली. तीन सिनेटर आणि चार प्रतिनिधी असे सात सदस्य होते. अध्यक्ष होता ओहायोचा बेंजामिन वेड. बहुतेकांना लष्करी कामाचा अनुभव नव्हता.

मृत बेकरला दोष देणे शक्य नव्हते. तो हुतात्मा होता, राष्ट्राध्यक्षांचा मित्र होता आणि मुख्य म्हणजे आपल्यातला होता. उरला स्टोन. तो राजकारणाने डेमोक्रॅट होता. मालकांकडून पळून आलेल्या गुलामांना कायद्याप्रमाणे परत पाठवण्याचे त्याचे धोरण होते. त्यावरून सिनेटर चार्ल्स सम्नरने त्याच्यावर टीका केली, तेव्हा स्टोनने त्याला अपमानकारक पत्र पाठवले. गुलामगिरीच्या प्रश्नावर सम्नरची बाजू न्याय्य होती, याविषयी आज कोणाचे दुमत होणार नाही. परंतु त्या प्रश्नावरचा राग लढाईच्या चौकशीत मिसळला. समितीने बंद दाराआड साक्षी घेतल्या. स्टोनचे शत्रूशी संधान आहे अशी कुजबुज साक्षीत आली. साक्षीदार कोण, ते काय म्हणाले, हे स्टोनला सांगितले गेले नाही.

८ फेब्रुवारी १८६२च्या रात्री स्टोनला अटक झाली. न्यूयॉर्क बंदरातल्या फोर्ट लाफायेतमध्ये त्याला एकांतात ठेवले, मग फोर्ट हॅमिल्टनला हलवले. अटकेतल्या अधिकाऱ्याला आठ दिवसांत आरोप कळवावेत असा लष्करी नियम होता. स्टोनवर आरोप कधीच ठेवला गेला नाही आणि खटलाही चालला नाही. सिनेटने विचारणा केली तेव्हा लिंकनने अटकेची जबाबदारी स्वतःवर घेतली. युद्धाच्या धामधुमीत खटल्यासाठी अधिकारी मोकळे करता आले नाहीत, असे उत्तर त्याने दिले.

स्टोनच्या बाजूने सिनेटमध्ये उभा राहिला कॅलिफोर्नियाचा जेम्स मॅकडूगल. तो बेकरचा जुना मित्र होता आणि काही महिन्यांपूर्वी त्याने बेकरला श्रद्धांजलीही वाहिली होती. मित्राचे दुःख आणि दुसऱ्यावरचा अन्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या सभागृहात ज्या थोड्यांना कळले त्यांत तो एक. अटकेतल्या अधिकाऱ्याचा खटला तीस दिवसांत चालवावा किंवा त्याला सोडावे, ही तरतूद त्याच्या खटपटीने जुलै १८६२मध्ये कायद्यात आली. १६ ऑगस्टला स्टोन सुटला. १८९ दिवस तो कैदेत होता. का धरले आणि का सोडले, याचे एका ओळीचे स्पष्टीकरण त्याला मिळाले नाही. १८६३मध्ये समितीने त्याचे म्हणणे ऐकले आणि त्याच्यावरचे किटाळ बऱ्याच अंशी दूर झाले. पण लष्करातले आयुष्य मोडले ते मोडलेच. पुढे त्याने इजिप्तच्या खेदिवाच्या फौजेत तेरा वर्षे नोकरी केली. परत आल्यावर न्यूयॉर्क बंदरातल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा पाया आणि चबुतरा याच अभियंत्याच्या देखरेखीखाली उभा राहिला. ज्या बंदरात तो विनाचौकशी कैदेत होता, त्याच बंदरात तो पुतळा उभा आहे.

तेव्हापासून आजपर्यंत

त्याच युद्धात दुसऱ्या एका आमदाराने वेगळी वाट घेतली. ओहायो राज्याचा सिनेटर जेम्स गारफिल्ड १८६१मध्ये सैन्यात गेला आणि मेजर जनरलपर्यंत चढला. १८६२मध्ये, अजून गणवेशात असताना, तो प्रतिनिधिगृहावर निवडून आला. डिसेंबर १८६३मध्ये त्याने आधी लष्करी पदाचा राजीनामा दिला आणि मग जागा घेतली. युद्ध पाहिलेला माणूस सभागृहाला मिळाला आणि तो कोणाच्या हुकमाखाली नव्हता. पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाला.

पण बेकरने शोधलेली वाट बंद झाली नाही. दुसऱ्या महायुद्धात काँग्रेसचे काही सदस्य गणवेशात गेले आणि १९४२मध्ये रूझवेल्टने त्यांना सभागृहात परत बोलावले. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सुमारे १३० सदस्य राखीव दलांत हुद्दा धरून होते. त्याविरुद्धचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७४मध्ये न्यायालयाने अर्जदार नागरिकांना असा दावा करण्याचा अधिकारच नाही म्हणून ते निकालात काढले आणि मूळ प्रश्नाला हात लावला नाही. राज्यांच्या आमदारांना तर हे कलम लागूच नाही. अनेक राज्यांच्या घटना मिलिशियाच्या हुद्द्याला सूट देतात. त्यामुळे तिथे नॅशनल गार्डमधला आमदार अधिवेशन सोडून परदेशी मोहिमेवर जातो, यात कोणाला नवल वाटत नाही.

आपल्याकडे हाच प्रश्न ‘लाभाचे पद’ या नावाने येतो. संविधानाचे कलम १०२ खासदारांना आणि कलम १९१ आमदारांना सरकारी लाभाचे पद धरण्यास मनाई करते. मात्र कायद्याने सूट देता येते आणि संसदेच्या १९५९च्या कायद्याने प्रादेशिक सेनेच्या सदस्यत्वाला ती दिली आहे. सचिन पायलट २०१२मध्ये केंद्रीय मंत्री असताना आणि अनुराग ठाकूर २०१६मध्ये खासदार असताना प्रादेशिक सेनेत अधिकारी झाले. पायलट पुढे राजस्थानात आमदार झाले. अशा बातम्यांचे आपण कौतुक करतो आणि त्यात गैर काही नाही. लष्कराचे जगणे ठाऊक असलेला सदस्य सभागृहात असणे चांगलेच. १८४६च्या डिसेंबरात बेकरने ते दाखवून दिले होते.

प्रश्न उरतो तो दुसऱ्या टोकाला. अशा अधिकाऱ्याला त्याचा वरिष्ठ मोकळेपणी ‘नाही’ म्हणू शकतो का? आणि काही बिघडले तर चौकशी करणारे सभागृह आपल्याच सदस्याची चूक चूक म्हणून पाहू शकते का? बॉल्स ब्लफच्या वेळी दोन्ही उत्तरे नकारार्थी आली. संविधानातले ते रूक्ष वाक्य नेमके याच प्रसंगासाठी लिहिलेले होते. बेकरने ते ओलांडले तेव्हा ती केवळ कायद्यातली बारीकसारीक पळवाट वाटली, आणि तिची किंमत त्याच्यासह नदीत बुडालेल्या शिपायांनी आणि १८९ दिवस कोठडीत बसलेल्या स्टोनने चुकवली.

बेकर आज सॅन फ्रान्सिस्कोच्या लष्करी दफनभूमीत आहे. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये त्याचा संगमरवरी पुतळा आहे. बॉल्स ब्लफच्या कड्यावर एक लहानसे राष्ट्रीय कब्रस्तान आहे. तिथे पंचवीस थडगी आहेत, आणि त्यांतल्या एकाच शिपायाचे नाव माहीत आहे.